मुसाफिराचे देणे

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. परळ, भायखळा आणि मुंब्रा अशा तीन ठिकाणी विखुरलेली आम्ही चुलत भावंडे आपापल्या मुलाबाळांसह गावी गेलो होतो. गाव बाणकोटच्या खाडीकाठचे. बागमांडल्याहून फेरीबोटीने गाड्या पलीकडे वेसवीला उतरल्या, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. लहानमोठी मिळून आम्ही एकोणीस माणसे होतो. गावात आता घरटी एखादे म्हातारे माणूसच उरले आहे. आमच्या घरात चाची एकटी असते. तिने तांदळाच्या भाकऱ्या, माशाचे सालन, सांदण असे सारे काही केले. मुले सकाळी समुद्रावर जात, अंगभर रेती घेऊन परत येत आणि विहिरीवरच्या पंपाच्या पाण्याखाली तासन् तास न्हात. आम्ही मोठी माणसेही दिवसातून दोनदा आंघोळ करत होतो. मुंबईत पाणी ठरावीक वेळी येते, इथे बटण दाबले की येते, याचे आम्हाला कौतुक वाटत होते.

पाचव्या दिवशी फजरच्या नमाजसाठी उठलो, तर चाची विहिरीच्या कठड्याशी उभी. पंपाने पाणी ओढणे बंद केले होते. रात्रभरात तळाशी जे काही पाझरून जमले होते, ते ती पोहऱ्याने काढून हंड्यात ओतत होती. विचारल्यावर कळले, की तीन दिवसांपासून ती साडेतीन-चारला उठत होती. शिवाय शेजारची दोन घरे याच विहिरीवर अवलंबून होती. त्या घरांतल्या बायका दोन दिवस खालच्या वाडीतून डोक्यावर पाणी आणत होत्या. आम्हाला यातले काही कोणी सांगितले नव्हते. मी जरा चिडूनच म्हणालो, "चाची, सांगायचं तरी!" ती म्हणाली, "मेहमानाला पाणी मोजून देऊ काय रे?"

आम्ही त्याच दिवशी निघालो. वाटेत एका गावातल्या मशिदीत थांबून जोहरची नमाज पढली. मुसाफिर म्हणून चारऐवजी दोन रकात. सलाम फेरल्यावर मनात एक प्रश्न आला आणि तो आजपर्यंत गेलेला नाही. सफरीत माणसाचे नेमके काय कमी होते?

शरियतने मुसाफिराला सवलती दिल्या आहेत. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. मात्र तो माफ होत नाही, नंतर भरून द्यावा लागतो. या सवलतींना मुदतही आहे. आम्हा कोकणी मुसलमानांच्या शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस मुक्कामाची नीयत केली, की मुसाफिरी संपते. हनफी मसलकात ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे. पण या सगळ्या सवलती एकाच खात्यातल्या आहेत, आणि ते खाते बंदा आणि अल्लाह यांच्यातले आहे. अल्लाहने आपल्या हकातून काही सोडून दिले, ते त्याचे होते म्हणून सोडले. दुसरे खाते हकुकुल इबादचे, म्हणजे माणसांच्या एकमेकांवरील हकांचे. त्यात मुसाफिरासाठी कसर नाही. शेजाऱ्याचा हक प्रवासात निम्मा होत नाही. परगावच्या विहिरीवरचे पाणी अर्ध्या हिशेबाने मोजले जात नाही.

हे इतके साधे आहे, की ते लिहिण्याची गरज वाटू नये. तरीही सुट्टीवर निघालेल्या माणसाचे मन नेमके उलटे चालते, असा माझा स्वतःविषयीचा अनुभव आहे. घरी मी नळ वाहता ठेवत नाही, जिन्यात कचरा टाकत नाही, रात्री अकरानंतर आवाज वाढवत नाही, कारण शेजारी ओळखतात. गावाबाहेर पडलो, की आपण जणू हिशेबातूनच सुटलो असे वाटू लागते. सुट्टी कामाची असते. आपण ती जबाबदारीचीही धरून चालतो.

मुसाफिराविषयीची आपली जुनी शिकवण मात्र फार उदार आहे आणि ती का उदार आहे, हे समजून घेतले पाहिजे. कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत वाटसरूही आहे. मेहमानाचा हक तीन दिवसांचा सांगितला आहे. त्या काळचा मुसाफिर कसा होता? वाळवंटात पाणी संपलेला, ओळखपाळख नसलेला, लुटला गेला तर दाद मागायला जागा नसलेला. त्याच्यासमोर यजमान सबळ होता, कारण त्याच्याजवळ तंबू, विहीर आणि माणसे होती. म्हणून हुकूम झाला तो यजमानाला. दार उघड, खाऊ घाल, विचारपूस कर.

मुंबईची सगळी जुनी मुसाफिरी याच नात्यावर उभी होती. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना अशा दुबळ्या वाटसरूंसाठीच होता. समुद्रमार्गे हजला जाणारी जहाजे १९९५ पर्यंत मुंबईहून सुटत. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हाजी गाठोडी घेऊन जहाजाच्या दिवसाची वाट पाहत इथे राहत. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे कूड धोबी तलाव, माझगाव भागात होते. कोकणी मुसलमान खलाशांच्या गावोगावच्या जमातींच्या खोल्या होत्या. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसे राहत. एक पाळी गिरणीत, दुसरी वळकटीवर. खोलीत नवा आलेला पोरगा पहिल्या दिवशी शिकत असे तो नियम हा, की पाणी भरून ठेवल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, कारण पाळीवरून येणारा दमलेला असतो. गावाकडचा हा गरीब पाहुणा दुसऱ्या गरीब पाहुण्याची आठवण ठेवत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, हळूहळू त्या खोल्याही गेल्या. पण ज्यांचे वडील-आजोबा अशा खोल्यांत राहिले, तेच आपण आज गाडी घेऊन कोकणात उतरतो.

आता नाते उलटले आहे. आज किनाऱ्यावर जो येतो, त्याच्या खिशात पैसे आहेत, हातात फोन आहे, खाली गाडी आहे. ज्याच्या दारात तो येतो, ते बहुधा म्हातारे माणूस असते, किंवा मुलाच्या शिक्षणासाठी दोन खोल्या भाड्याने देणारे कुटुंब असते. दुबळा मेहमान आणि सबळ यजमान ही जोडी बदलून सबळ मेहमान आणि दुबळा यजमान अशी झाली. आपण मात्र मेहमानाचे सगळे जुने हक तसेच मागत राहिलो. चाचीला पाणी मोजून देणे लाजिरवाणे वाटत होते, कारण ती जुन्या कायद्याने वागत होती. आम्ही नव्या ताकदीने वागत होतो. तिच्या मुरव्वतीवर आमची मजा चालली होती.

तीन दिवसांच्या हकाबरोबर त्याच शिकवणीत दुसरा भागही आहे, तो आपण सहसा सांगत नाही. यजमान अडचणीत येईल इतके राहणे मेहमानाला हलाल नाही. म्हणजे यजमानाने तोंड उघडण्याआधी त्याची अडचण ओळखणे हे मेहमानाचे काम आहे. सभ्य यजमान कधीच सांगणार नाही. तेव्हा सांगितले नाही म्हणून कळले नाही, हा बचाव चालत नाही.

दुसरा बचाव नेहमीचा आहे. आम्ही फुकट राहतो का? पैसे मोजतो. चाचीच्या घरी आम्ही पैसे मोजले नव्हते, पण हा बचाव बहुतेकांचा आहे आणि तो सरळ खोटा नाही. खोलीचे भाडे, जेवणाचा दर, होडीचे तिकीट यांचा हिशेब पैशाने पुरा होतो. पण आपण गावात येतो तेव्हा आणखी पुष्कळ वापरतो, त्याचे बिल कोणी देत नाही. भूजल वापरतो, किनारा वापरतो, गावची शांतता वापरतो. पहाटे किनाऱ्यावर मोकळेपणी फिरणाऱ्या बायका आपल्या गर्दीमुळे फिरेनाशा होतात, तो मोकळेपणा वापरतो. या वस्तू यजमानाच्या एकट्याच्या नसतात. त्यामुळे एकाला पैसे देऊन त्या विकत घेता येत नाहीत. आमच्या आंघोळीचे पाणी चाचीने खुशीने दिले असे क्षणभर मानले, तरी शेजारच्या दोन घरांना कोणी विचारले होते?

हा प्रश्न कोकणापुरता नाही. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सायुलिता नावाचे मासेमारांचे छोटे गाव होते. फळीवर उभे राहून लाटांशी खेळणाऱ्यांनी ते जगभर प्रसिद्ध केले. मग गर्दी वाढली, जागांचे भाव वाढले आणि गावचे सांडपाणी त्याच समुद्राला मिळत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी येणाऱ्या, रात्री न राहणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोचा कर बसवला. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या रहिवाशांनी मोर्चा काढला आणि काहींनी हॉटेलबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. घरे पाहुण्यांना दिली जातात म्हणून भाडी वाढतात आणि गावचा माणूस गावाबाहेर जातो, ही त्यांची तक्रार. गिरण्यांच्या जागी टॉवर उठताना ज्यांनी लालबाग-परळ पाहिले, त्यांना ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही.

मग जाऊच नये का? माझ्या मनातही काही दिवस हे आले. पण कुरआन वारंवार सांगतो, की जमिनीवर फिरा आणि पाहा. सफर ही इबादतीच्या जवळची गोष्ट आहे. अडचण फिरण्याच्या पद्धतीत असते. आमच्या गावापासून जवळच मंडणगड तालुक्यातले वेळास आहे. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी खणून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्या घरात राहायचे, घरात जे शिजेल ते खायचे. सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्राकडे सोडली जातात, ती दोरीमागे उभे राहून पाहायची. फ्लॅश मारायचा नाही, कारण ही पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात आणि आपल्या उजेडाने त्यांची दिशा चुकते.

यात पाहुणा आला म्हणून कासव वाचले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अंडी विकून जे मिळे, त्याहून जास्त आता ती राखून मिळते. पण हे साधले, कारण अटी गावाने आणि कासवाने घातल्या, पाहुण्याने नाही. कोणत्या महिन्यात यायचे, कुठे उभे राहायचे, काय करायचे नाही, हे येणाऱ्याने ठरवले नाही. दोन दिवस उभे राहून एकही पिल्लू दिसले नाही, तर तसेच परत जायचे.

इस्लाममधल्या सर्वांत मोठ्या सफरीचे नियमही असेच आहेत. हजला जाणारा एहराम बांधतो, तेव्हा त्याच्यावर कितीतरी बंधने येतात. त्याने शिकार करायची नाही, कोणाशी भांडायचे नाही. हरमच्या हद्दीत आपोआप उगवलेले झाडझुडूप तोडायचे नाही. हाजीला आपण अल्लाहचा मेहमान म्हणतो. अल्लाहच्या मेहमानाला जर किड्यामुंगीचा आणि झाडाच्या फांदीचा विचार करावा लागतो, तर माझ्यासारख्या चार दिवसांच्या मेहमानाला सूट कोणी दिली? एहराम उतरतो, पण तो ज्या सवयीची तालीम देतो ती उतरवून ठेवण्यासाठी नसते.

घरात शिरण्याविषयीही कुरआनने शिकवले आहे. परक्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच जावे, आणि परत जा म्हटले तर परत जावे. किनारा उघडा असतो, त्याला दार नसते, म्हणून तिथे इजाजतीचा प्रश्न नाही असे आपण समजतो. पण तो कोणाचा तरी उंबरा असतो. कोळ्याची होडी, जाळे, वाळत घातलेली मासळी हा त्याचा संसार असतो. त्याला विचारावे लागते. न विचारण्याची किंमत कधी फार मोठी असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. ज्या घरांतली मुले गेली त्यांच्या दुःखापुढे उपदेश करायचा नसतो. पण आपल्या मुलांना घेऊन जाताना तरी, इथे पाणी कसे आहे, ओहोटी कधी लागते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून मगच पाय ओला करावा, एवढे आपण त्यातून घेऊ शकतो.

मुंबईकराला हा धडा खरे तर हाजी अलीने कधीच दिला आहे. तिथला रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. मंत्री असो की मजूर, भरती उतरेपर्यंत थांबावे लागते. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोहोचला, तेव्हा भरतीमुळे विसर्जन कित्येक तास खोळंबले. लाखो माणसांनी तेव्हाही समुद्राची वेळ मानली. १९३४ साली हे मंडळ सुरू करण्यात लालबागच्या कोळी मंडळींचाच मोठा वाटा होता. भरती-ओहोटी ओळखणारी माणसे या शहराच्या मुळाशी आहेत. ती कोणाला विचारायची, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

आतापर्यंत मी मेहमानालाच बोल लावला. पण यजमानाच्या प्रत्येक कुरकुरीला हक म्हणता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे. दादरचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. विदर्भ-मराठवाड्यातून, रेल्वेच्या गर्दीत उभ्याने येतात, शिवाजी पार्कात मांडवाखाली झोपतात, तासन् तास रांगेत उभी राहतात आणि परत जाताना पुस्तके घेऊन जातात. समुद्रकिनारी येऊन पुस्तके विकत घेणारा असा पाहुणा जगात फार ठिकाणी नसेल. तरीही त्या दिवसांत अस्वच्छतेविषयी नाक मुरडणारे काही सूर दादरमध्ये ऐकू येत आले आहेत. चाचीच्या शेजारणीची तक्रार आणि ही तक्रार वरवर सारखीच दिसते. दोन्हीकडे बाहेरून माणसे आली आणि राहणाऱ्याची गैरसोय झाली.

त्यांतला फरक ताकदीचा आहे. गावात आलेलो आम्ही सबळ होतो, म्हणून सांभाळून वागण्याचे ओझे आमच्यावर होते. दादरला येणारा माणूस गरीब आहे आणि ज्या शहरात तो येतो ते सबळ आहे, म्हणून पाणी, संडास आणि निवारा देण्याचे ओझे शहरावर आहे. तिथे मुसाफिराचा जुना कायदा अजून जसाच्या तसा लागू आहे. मला वाटते, पाहुणा आणि यजमान यांच्या कोणत्याही भांडणात आधी हे पाहावे, की दोघांपैकी कोणाला गैरसोय टाळता येण्यासारखी आहे. ज्याला ती टाळता येते, त्याचे देणे मोठे.

आणि जिथे कोणीच स्वतःला यजमान मानत नाही, तिथे काय करायचे? गिरगाव चौपाटी अशी जागा आहे. लोकमान्य टिळकांवर १९२० साली इथे अंत्यसंस्कार झाले, म्हणून आपण तिला स्वराज्यभूमी म्हणतो. पण रविवारी संध्याकाळी पाहिले, तर तिथे सगळेच पाहुणे असतात. भेळेचा कागद वाळूत जातो, कारण वाळू कोणाचीच नाही. वर्सोव्याचे वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये आपल्या एका वयोवृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो माणसे आली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले दिसली. त्यांनी एका बेवारस किनाऱ्याचे यजमानपण घेतले. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपण लहानपणी मदरशात पाठ केले. लोकांच्या वाटेवर, सावलीत आणि पाणवठ्यावर घाण करू नये, हीही शिकवण आहे. आजच्या भाषेत किनाऱ्याविषयी यापेक्षा वेगळे काय सांगायचे आहे?

आपल्या समाजापुरते एक बोलतो. बासी ईदला आपली कुटुंबे डबे घेऊन समुद्रावर जातात. त्यात आनंद आहे आणि तो असलाच पाहिजे. मागे पत्रावळ्या पडल्या, की कोणी तरी कोणाचे नाव घेणार, ही भीती आपल्या मनात असते. एका घराच्या चुकीवरून साऱ्या जमातीला बोल लागतो आणि हा अन्याय आहे. नाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभवही आपल्यापैकी कित्येकांनी घेतला आहे, मीही घेतला आहे. पण लोक काय म्हणतील म्हणून जी स्वच्छता राखायची, ती कोणी पाहत नसताना टिकत नाही. मी तरी मुलांना सांगताना बदनामीचे कारण सांगणे सोडले आहे. तिथे राहणाऱ्याचा हक आहे, एवढेच सांगतो. आणि नाकारले जाण्याचे दुःख ज्याला माहीत आहे, त्याने दार उघडणाऱ्याची कदर इतरांहून अधिक करावी, असे मला वाटते.

शेवटी पुन्हा त्या दोन खात्यांकडे येतो. अल्लाहच्या हकात कमतरता राहिली, तर तौबा आहे आणि त्याची रहमत मोठी आहे. माणसाच्या हकाची माफी मात्र त्या माणसाकडेच मागावी लागते, असे आपले उलमा सांगत आले आहेत. सफरीचा खरा धोका मला इथे दिसतो. शेजाऱ्याला दुखवले तर तो उद्या जिन्यात भेटतो. परगावी ज्याला दुखवले, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते आणि तो पुन्हा भेटण्याची शक्यता नसते. ज्यांची माफी मागता येणार नाही अशा लोकांचे देणे आपण मजेमजेत डोक्यावर घेऊन घरी येतो. म्हणून घरच्यापेक्षा बाहेर अधिक जपून वागले पाहिजे.

आमचे नशीब, की आमचे गाव परके नव्हते आणि शेजारणी सापडण्यासारख्या होत्या. पुढच्या वर्षी आम्ही मे सोडून जानेवारीत गेलो, तेही दोन खेपांत. त्याआधी उन्हाळ्याच्या अखेरीस भावंडांनी वर्गणी काढून विहिरीतला गाळ उपसून घेतला होता. पण गाळ काढला म्हणून माफी मिळत नाही. मी आणि माझा चुलत भाऊ त्या दोन घरी गेलो. पहिल्या घरची बाई हसली आणि कसली माफी म्हणाली. दुसरीने आधी बसायला सांगितले. मग म्हणाली, "त्या दोन दिवसांत सासूला न्हाऊ घालता आलं नाही. ती अंथरुणाला होती. पावसाळ्यात गेली." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "माफ केलं," आणि चहा ठेवायला आत गेली.

त्या घरातून निघताना भाऊ म्हणाला, "एवढ्याशा पाण्याचं..." आणि पुढे बोलला नाही. सासूकडे माफी मागायची राहिली होती, आणि ती आता मागता येणार नव्हती.